मोठं, पण कशाएवढं?

(खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात दहावी-बारावीच्या आणि कॉलेजच्या मुलामुलींसमोर केलेलं भाषण. बोलताना जे इकडंतिकडं भरकटलं, ते थोडं आवरून इथं लिहून दिलंय.)



मला सांगितलं होतं, तू राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, तर भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांवर बोल. मी म्हटलं, बोलते की. पण लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्यात अडकले. वाक्य होतं, 'मराठी ही एक मोठी भाषा आहे.' लिहिलं आणि वाटलं, मोठी म्हणजे काय? किती? कशाएवढी? मग चार दिवस मी त्या 'मोठी' शब्दाच्याच मागं लागले. आज त्यावरच बोलणार आहे. हक्कांचं येईल शेवटी, आपोआप येतं ते.

सुरुवात रस्त्यापासून करू. कोल्हापूरहून बेळगावला येताना कागल सोडलं, कोगनोळी आली की रस्त्यावरच्या पाट्या बदलतात. हे आपल्याला कुणी सांगायला नको, डोळे झाकून समजतं. पण पाटीवरचा शब्द कधी नीट वाचलाय? कागलपर्यंत तो 'राष्ट्रीय महामार्ग'. कोगनोळीपासून तोच रस्ता 'राष्ट्रीय हेद्दारि'. हिंदीत 'राष्ट्रीय राजमार्ग'. इंग्रजीत 'हायवे'. पुढं हाच रस्ता तमिळनाडूत गेला की 'नेडुंचालै'. डांबर तेच, खड्डे तेच. पण रस्ता मोठा आहे हे सांगायला प्रत्येक भाषेनं वेगळा आधार शोधलाय. मराठीनं संस्कृतातला 'महा' घेतला. हिंदीनं राजाला बोलावलं, राजाचा रस्ता तो मोठा. इंग्रजी म्हणते उंच रस्ता. तमिळ म्हणते लांब रस्ता, 'नेडु' म्हणजे लांब. आणि कन्नड सरळ म्हणते मोठी वाट.

हे 'हेद्दारि' मला माझ्या रूममेटनं फोडून सांगितलं. ती गोकाकची. आम्ही दोघी तीन वर्षं एका खोलीत, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलतो. मी 'हेद्दारि' हा एकच शब्द समजत होते. ती म्हणाली, नाही बे, 'दारि' म्हणजे वाट, पुढचा 'हे' म्हणजे मोठी. मग तिनं धडाधडा सांगितलं. 'बेरळु' म्हणजे बोट, 'हेब्बेरळु' म्हणजे मोठं बोट, म्हणजे अंगठा. 'बागिलु' म्हणजे दार, 'हेब्बागिलु' म्हणजे महाद्वार. 'मर' म्हणजे झाड, 'हेम्मर' म्हणजे वडापिंपळासारखं दांडगं झाड. 'हावु' म्हणजे साप, 'हेब्बावु' म्हणजे अजगर. 'हुलि' वाघ, 'हेब्बुलि' मोठा वाघ. म्हणजे शब्दाला पुढून एक बारकासा 'हे' जोडायचा, मागचं अक्षर घट्ट करायचं, झाला मोठा.

हा 'हे' मुळात 'पेर्' होता. जुन्या कन्नडातला सुरुवातीचा 'प' पुढं 'ह' झाला. तमिळमध्ये अजून 'पेरिय' म्हणजे मोठा, तेलुगूत 'पेद्द'. आणि कन्नडात अभिमानाला शब्द आहे 'हेम्मे', तोही ह्याच घरातला, जुनं रूप 'पेर्मे'. अभिमान म्हणजे शब्दशः मोठेपण.

माझ्या आज्जीला हे भाषाशास्त्र काही माहीत नाही. पण रेशनच्या दुकानात मशीनवर बोट ठेवायची वेळ आली आणि तिकडून कुणी 'हेब्बेट्टु' म्हटलं, की तिचा अंगठा पुढं. 'हेब्बेट्टु' म्हणजे अंगठाच. आपण सही न येणाऱ्याला अंगठाबहाद्दर म्हणतो, तसं तिकडंही हेब्बेट्टु म्हणतात. बोटांत सगळ्यात मोठं म्हणून नाव मिळालेलं बोट, आणि त्याच्यावरून माणसाला हिणवायचं. दोन्ही भाषांना हे सारखंच सुचलं.

आता गावांकडं या. आपल्याकडं बुद्रुक आणि खुर्द किती आहेत बघा. बेळगावला खेटून कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द आहे. सरकारी कागदावर ते 'बी. के.' आणि 'के. एच.' झालंय. माझ्या कॉलेजमधल्या एकाला वाटायचं की ही कुणा पुढाऱ्याची आद्याक्षरं आहेत! तर बुद्रुक हा फारसी शब्द, मूळ 'बुजुर्ग'. खुर्द म्हणजे लहान. हाच बुजुर्ग हिंदी पिक्चरमधून आपल्याला म्हातारा माणूस म्हणून भेटतो. म्हणजे फारसीत जो वयानं मोठा तोच आकारानं मोठा, एकच शब्द.

आणि हे फक्त फारसीत आहे असं नाही. आपण 'मोठा भाऊ' म्हणतो तेव्हा त्याचं वजन विचारत नाही. 'थोरली आई' अंगानं बारीक असली तरी थोरलीच. कन्नडात बापाचा थोरला भाऊ 'दोड्डप्प', शब्दशः मोठा बाप. आपल्या भागात आईच्या थोरल्या बहिणीला 'दोड्डव्वा' म्हणतात. तमिळमध्ये 'पेरियप्पा'. लॅटिनमध्ये 'मायोर' म्हणजे जास्त मोठा, त्यावरून फौजेतला मेजर आला आणि महापालिकेतला मेयर आला. म्हणजे माणसानं मोठेपण पहिल्यांदा मोजलं ते घरात, आपल्या आधी कोण जन्मलं यावरून. डोंगर, समुद्र नंतर.

'थोर' शब्दाची एक गंमत आहे. हा संस्कृतातल्या 'स्थूल'च्या कुळातला, म्हणजे मुळात नुसता जाड. आज आपण 'थोर पुरुष' म्हणतो, त्यात जाडेपणा कुठं उरलाय? उलट हिंदीत 'मोटा' म्हणजे जाडच. आमची एक मावशी इंदूरला असते. तिथं घरात मराठी, दारात हिंदी. तिचा लहान मुलगा शाळेत कुणाला तरी सांगून आला की मेरा मोठा भाई है. दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग त्याच्या भावाला जाड्या म्हणून बघायला आला. भाऊ काडीपैलवान!

आणि हिंदीतला 'बडा' आपण घेतला तो कशाला, तर बहुतेक टोमणा मारायला. बडेजाव. बडी धेंडं. बडा घर पोकळ वासा. आपल्या 'मोठ्या' माणसाला मान आहे, उसन्या 'बड्या' माणसाकडं आपण डोळे बारीक करून बघतो. हे कुणी ठरवून केलं नसणार, पण झालंय खरं.

आता जरा अडचणीचं सांगते. हे मला सगळ्यात जास्त टोचलं, म्हणून यावर वेळ घेणार आहे.

मराठीत वस्तू लहान की मोठी हे सांगायला आपल्याला वेगळा शब्द लागतच नाही. लिंग बदललं की झालं. तो गाडा, ती गाडी. तो सुरा, ती सुरी. तो डबा, ती डबी. हंडा-हंडी, गोळा-गोळी, दोर-दोरी, खुंटा-खुंटी, पळा-पळी. ढोल आणि ढोलकी. वाडा आणि वाडी. पेटारा आणि पेटी. बघा की, मोठी वस्तू पुरुष, छोटी वस्तू बाई. आपण लहानपणापासून हे बोलतो, कुणी शिकवत नाही. माझा पाच वर्षांचा भाचा आहे. त्याला मी मुद्दाम विचारलं, चमच्याचं बारकं पोर झालं तर त्याला काय म्हणायचं? तो म्हणाला, चमची. बघा, नियम आत बसलाय.

विळा आणि विळी बघा. तिथं लहान-मोठ्याचा प्रश्न नाही, विळी काही विळ्यापेक्षा बारकी असते असं नाही. पण विळा शेतात जातो, विळी स्वयंपाकघरात बसते.

मला वाटलं, हे आपल्याकडंच असं. मग गोव्यात शिकणाऱ्या एका मैत्रिणीनं पोर्तुगीजचं सांगितलं. पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या शेवटी 'आंव' लावलं की वस्तू मोठी होते. 'पोर्ता' म्हणजे दार, 'पोर्तांव' म्हणजे फाटक. 'काझा' म्हणजे घर, 'काझारांव' म्हणजे आपला वाडाच. पण गोष्ट इथं संपत नाही. पोर्ता आणि काझा हे दोन्ही स्त्रीलिंगी. मोठे झाले की पुल्लिंगी होतात! त्याच्या पुढचं ऐका. 'मुल्येर' म्हणजे बाई. रुबाबदार, भारदस्त बाई असेल तर म्हणतात 'मुल्येरांव', आणि तो शब्द पुल्लिंगी. इटालियनमध्येही तसंच, 'दोन्ना' म्हणजे बाई, धिप्पाड बाई म्हणजे 'दोन्नोने', पुल्लिंगी. बाई एका मापाच्या पुढं गेली की व्याकरण तिला पुरुषांच्या रांगेत नेऊन उभं करतं.

हे मी आज्जीला सांगितलं. म्हटलं, आज्जी, मोठं झालं की बाईचा बाप्या होतो बघ भाषेत. ती चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "आणि काहील गं?"

मी गप्पच. गुऱ्हाळातली काहील तुम्ही बघितली असेल. उसाचा रस आटवायची ती कढई, चार माणसं लागतात उचलायला. गुऱ्हाळात तिच्याहून मोठं भांडं नाही. आणि आपण म्हणतो ती काहील. स्त्रीलिंगी. मग आज्जीची गाडी सुरू झाली. ताट ते, पण परात ती. परात ताटापेक्षा मोठी. ओढा तो, नदी ती. "मलप्रभा काय ओढ्यापेक्षा बारकी हाय व्हय?" म्हणाली. मलप्रभा आपल्या कणकुंबीला उगम पावते, तिथं ती ओंजळीएवढी असते. पण असते नदीच, ओढा कधीच नाही.

पुढं शोधताना स्पॅनिशमध्ये तर उलटाच प्रकार सापडला. 'उएर्तो' म्हणजे परसबाग, पुल्लिंगी. 'उएर्ता' म्हणजे त्याहून मोठा मळा, स्त्रीलिंगी. 'चार्को' म्हणजे डबकं, पुल्लिंगी. 'चार्का' म्हणजे तळं, स्त्रीलिंगी. म्हणजे पोर्तुगालच्या शेजारच्याच देशात, सख्ख्या बहिणीसारख्या भाषेत, काही शब्दांत बाई मोठी. तेव्हा कुणी तुम्हाला म्हणालं की मोठं ते पुरुषाचं हा निसर्गाचा नियमच आहे, भाषाच बघा, तर त्याला काहील दाखवा.

आफ्रिकेतल्या स्वाहिलीत तर हा घोळच नाही. तिथं शब्दांना स्त्रीलिंग-पुल्लिंग नसतं, शब्दांचे वर्ग असतात, आणि वर्ग ओळखायचा शब्दाच्या तोंडावरून. 'म्तु' म्हणजे माणूस. त्याला उचलून दुसऱ्या वर्गात टाकलं की 'जितु', म्हणजे राक्षसासारखा माणूस. 'न्योका' म्हणजे साप, 'जोका' म्हणजे भलाथोरला साप. 'न्युंबा' म्हणजे घर, 'जुंबा' म्हणजे हवेली. पण तिथंही एक मेख आहे. असं मोठं केलेलं नाव पुष्कळदा वेडंविद्रं, नकोसं असं ऐकू येतं. आपण नाही का, 'केवढा वाढलाय' म्हणताना कधी कौतुक करतो, कधी तोंड वाकडं करतो.

जनावरांचं पटकन सांगून टाकते, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. मोठी चूक ती घोडचूक, लग्नाचं वय उलटून गेलेली ती घोडनवरी. इंग्रजीतही घोडा याच कामाला, तिखट जाड मुळ्याला ते 'हॉर्सरॅडिश' म्हणतात, घोड्याचा मुळा. फार भूक लागली तर आपण बकासुर काढतो, जर्मन माणूस म्हणतो अस्वलाची भूक लागलीय, आणि जुन्या ग्रीकमध्ये तिला बैलाची भूक म्हणत, त्यावरूनच डॉक्टरांचा 'बुलिमिया' आला. 'जंबो' म्हणजे लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला हत्ती, १८८२ साली अमेरिकन सर्कसवाल्या बार्नमनं विकत नेला, त्याच्यामुळं तो शब्द जगभर झाला. आता आपल्याकडं जंबो वडापाव मिळतो.

आकाराचे शब्द प्रवास किती करतात, हे बघायचं तर न्हाव्याच्या दुकानात जा. पाटी असते 'सलून'. मूळ इटालियन 'साला' म्हणजे दिवाणखाना, त्याला 'ओने' हा मोठेपणाचा प्रत्यय लागून 'सालोने', भव्य दिवाणखाना. तिथून तो फ्रान्समध्ये, मग इंग्लंडमध्ये, मग आपल्या स्टँडमागच्या दोन खुर्च्यांच्या खोपट्यात. 'बलून' म्हणजे मोठा चेंडू. 'कार्टून' म्हणजे मोठा जाड कागद, चित्रकार भिंतीवरच्या चित्राचा आराखडा ज्यावर काढत तो. १८४३ मध्ये लंडनच्या 'पंच' साप्ताहिकानं थट्टेनं आपल्या व्यंगचित्रांना तो शब्द लावला आणि तो तिथंच चिकटला. आणि 'मिलियन'? 'मिल्ले' म्हणजे हजार, 'मिलिओने' म्हणजे मोठा हजार. इटालियन व्यापाऱ्यांना हजाराच्या पुढं नाव सुचेना, म्हणून त्यांनी हजारालाच मोठं केलं. गोव्यातल्या जुन्या घरांपुढचा बसायचा 'बल्कांव' आणि आपली बाल्कनी, दोन्ही त्याच 'ओने'ची पोरं.

आपल्याकडं नावं कमी पडली नाहीत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० च्या सुमारास, एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. त्याच्या तीन पायऱ्या अलीकडं 'जलधि' आहे, म्हणजे समुद्र. आकडा इतका मोठा झाला की समुद्राचं नाव दिलं. जाता जाता, भास्कराचार्यांनी स्वतःचं गाव सह्याद्रीजवळचं 'विज्जडविड' म्हणून सांगितलंय. काहीजण म्हणतात ते विजापूर, काहीजण म्हणतात ते खानदेशातलं. म्हणजे सीमावाद त्यांच्याही पाठी लागलाय बिचाऱ्यांच्या.

आवाजाचंही एक आहे. १९२९ मध्ये एडवर्ड सपीर या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं लोकांना दोन खोटे शब्द दिले, 'मिल' आणि 'माल'. सांगितलं, दोन्ही म्हणजे टेबल, सांगा कुठलं मोठं? बहुतेकांनी 'माल' मोठं म्हणून सांगितलं. 'आ' म्हणताना तोंड मोठं उघडतं, 'इ' म्हणताना बारीक होतं. आपलं चिमुकलं, चिटुकलं, पिटुकलं, इवलंसं, आणि दुसऱ्या बाजूला अवाढव्य, अगडबंब. कन्नडात 'चिक्क' लहान, 'दोड्ड' मोठा. सगळं जमतं. आणि इंग्रजीत नेमकं उलटं, 'बिग' मोठा आणि 'स्मॉल' लहान. म्हणून असल्या नियमांवर मी फार विश्वास ठेवत नाही.

पण एक गोष्ट मात्र जवळजवळ सगळीकडं दिसते. लहान मूल मोठं काय ते कसं सांगतं? दोन्ही हात पसरतं. "एऽऽवढं!" चिनी लिपीत 'मोठा' हे अक्षर म्हणजे अगदी तेच चित्र आहे, एक माणूस हात पसरून, पाय फाकवून उभा. त्याच्या डोक्यावर आणखी एक आडवी रेघ मारली की 'आकाश' होतं. आपल्याकडं ते चित्र लिपीत नाही, व्याकरणात आहे. 'एवढा' हा शब्द हात दाखवल्याशिवाय पुरा होत नाही. आणि हात दाखवायचा नसेल तर शेजारी काहीतरी ठेवावं लागतं. डोंगराएवढं दुःख. आभाळाएवढी माया. सुपाएवढे कान. हातभर जीभ, पुरुषभर पाणी, खंडीभर पोरं. मराठी माणूस नुसतं मोठं म्हणून थांबत नाही, कशाएवढं ते सांगतो.

मग मी माझ्या पहिल्या वाक्याकडं परत आले. मराठी मोठी भाषा आहे. कशाएवढी? २०११ च्या जनगणनेत देशात ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी मातृभाषा सांगितली, हिंदी आणि बंगालीनंतर तिसरी. कन्नड ४ कोटी ३७ लाख. कोकणी साडेबावीस लाख. मग मराठी मोठी? पण ह्या वाचनालयाच्या दारातून बाहेर पडून तलाठ्याच्या कचेरीत गेलं की ती ८ कोटी ३० लाख माणसं काही माझ्याबरोबर आत येत नाहीत. तिथं मी एकटी आणि माझा अर्ज. आणि मुंबईत काम करणाऱ्या गोकाकच्या माणसाचंही तेच.

कायद्यात मोठेपणा कसा मोजतात ते मी अभ्यासाला म्हणून वाचलं होतं, ते सांगते. १९५६ मध्ये घटनेत ३५० क कलम आलं, इंग्रजीत ३५०-ए. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून राज्यांनी पुरेशा सोयी कराव्यात, असं ते सांगतं. पुरेशा. आकडा नाही. आकडा त्याच्या आधीचा, १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेतला. शाळेत ४० मुलं किंवा एका वर्गात १० मुलं त्या भाषेची असतील तर त्यांना त्या भाषेत शिकवणारा मास्तर द्यायचा. आणि एखाद्या भागात लोकसंख्येच्या १५ टक्के लोक त्या भाषेचे असतील तर महत्त्वाचे नियम, नोटिसा त्यांच्या भाषेत छापायच्या. हा हक्क इथं मराठीला आहे, तसाच महाराष्ट्रात जत, अक्कलकोटकडं कन्नडला आहे.

अलीकडं तर अक्षरांचीही उंची कायद्यात आलीय. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनं पाटीवर ६० टक्के कन्नड हवं. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनं दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षर दुसऱ्या लिपीच्या अक्षरापेक्षा लहान असून चालत नाही. म्हणजे पेंटरच्या हातात आता ब्रशबरोबर फूटपट्टी. यावर तुमचं काय मत असेल ते असो, मी फक्त एवढंच बघते की दोन्ही सरकारांना भाषेचा मोठेपणा दाखवायला सुचलं ते माप सारखंच आहे.

मला मात्र तो १० चा आकडा सोडत नाही. मी चौथीत होते तेव्हा आमच्या वर्गात आम्ही अकरा होतो. अकरा. मला तेव्हा तो भलामोठा वर्ग वाटायचा, कबड्डीला दोन टीम व्हायच्या आणि एक पंच उरायचा. बाई जून उजाडायच्या आधी घरोघरी फिरायच्या, ह्याच्या आईशी बोल, तिच्या आज्जीशी बोल. आम्हाला वाटायचं, बाईंना चहा आवडतो. दिवाळीनंतर एकाचे वडील कामाला गोव्याला गेले, सगळं बिऱ्हाडच गेलं. दहा झालो. कबड्डीला पंच उरला नाही एवढंच आम्हाला कळलं. बाईंना त्या दिवशी काय वाटलं असेल ते मला तेरा वर्षांनी, तो कागद वाचताना कळलं. आज तिथं माझी चुलत बहीण चौथीत आहे. वर्गात सातजण आहेत.

शेवटचं सांगते आणि बसते. मागच्या वर्षी कॉलेजची सहल श्रवणबेळगोळला गेली होती. सहाशेहून जास्त पायऱ्या, अनवाणी. वर गेलं की गोमटेश्वर. एका अखंड दगडातली सत्तावन्न फुटांच्या आसपासची मूर्ती, दहाव्या शतकाच्या अखेरीची. माझी रूममेट पायाशी उभी राहिली आणि बोटाकडं हात करून म्हणाली, "हे बघ, हेब्बेरळु." पायाचा अंगठाच हातभरापेक्षा मोठा. त्या दिवशी तो शब्द मला खरा समजला.

तिथल्या एका कन्नड शिलालेखात, बाराव्या शतकातल्या बोप्पण कवीच्या, ह्या मूर्तीच्या उंचीचं वर्णन आहे. त्याचा मुद्दा साधारण असा, की फार उंच गोष्ट सुंदर असेलच असं नाही, उंच आणि सुंदर असली तरी तिच्यात दैवी सामर्थ्य असेलच असं नाही, इथं तिन्ही एकत्र आलंय. फार आवडलं मला ते, नुसत्या उंचीवर न भागवणारं.

आणि पायाशी, दोन्ही अंगांना, तो लेख आहे जो आपण शाळेत शिकतो. चावुंडरायानं ही मूर्ती करवली, हे तिथं कन्नडात आहे, तमिळमध्ये आहे आणि मराठीत आहे. मराठीतला हा पहिला लेख का, यावर अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत, त्यात मी शिरत नाही. मी ती मराठी ओळ वाचली. पुन्हा वाचली. एवढ्या मूर्तीच्या पायाशी बसलेली ओळ, आणि तिच्यात मोठी नाही, थोर नाही, महा नाही, डोंगराएवढी नाही. कुणी करवली त्याचं नाव आणि 'करवियले', बस्स. रूममेटनं तिच्या बाजूची कन्नड ओळ मला अक्षर लावून वाचून दाखवली, तिच्यातही तेवढंच. मी तिला मराठी वाचून दाखवली. मग खालून सर हाका मारायला लागले, बस सुटायची होती, आणि उतरताना आम्ही पायऱ्या मोजल्या. तिचा आकडा कन्नडात आला आणि माझा मराठीत, आणि दोन्हींत नऊ पायऱ्यांचा फरक पडला.